एक जूनची मुलं

आमच्या घरातला संगणक तिचा होता. ती गेल्यावर कितीतरी दिवस मी त्याला हात लावला नाही. सकाळी धूळ पुसायची, वर कापड टाकायचं, एवढंच. मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. दुसऱ्याच्या टेबलावरची वस्तू विचारल्याशिवाय उघडायची नाही, ही सवय नोकरीत लागली ती निवृत्तीनंतरही राहिली. आणि आता विचारायला ती नव्हती. शेवटी उन्हाळ्यात एका लांबच्या शहरातल्या संशोधन संस्थेतून फोन आला, आणि संगणक उघडावाच लागला.

माझी बायको लहान मुलांची डॉक्टर. भूकंप झाला त्याच आठवड्यात ती किल्लारीच्या बाजूला मदतीला गेली. जखमा बांधून झाल्या, तंबू गेले, पत्र्याची शेडं आली, मग नवी गावं उभी राहिली. मदतीला आलेले लोक आपापल्या घरी गेले. ही मात्र दर वर्षी त्याच मुलांकडे जात राहिली. भूकंपाच्या वेळी जी मुलं पोटात होती किंवा अंगावर पीत होती, त्यांचा मेंदू पुढे कसा वाढतो हे तिला पाहायचं होतं. ज्या वयातलं काहीच आठवत नाही त्या वयात अंगावर घर पडलं, तर ते आत कुठे राहतं का? एवढाच तिचा प्रश्न होता आणि त्यासाठी तिने वीस वर्षं घातली. डोक्याचा घेर, किती शब्द येतात, माणसाचं चित्र कसं काढतो, झोप कशी लागते, सांगितलेल्या गोष्टींतल्या किती लक्षात राहतात. मुलं मोठी झाल्यावर लातूरच्या एका दवाखान्यात मशीनमध्ये झोपवून मेंदूचे फोटो. मला रजा मिळाली की मीही जायचो. तिच्या शेजारी बसून ती सांगेल ते लिहून घ्यायचं, हे माझं काम.

फोन करणारा तरुण संशोधक नम्र होता. त्याने आधी तिच्याबद्दल चार शब्द बोलून मग कामाचं सांगितलं. ही सगळी माहिती एका सामाईक साठ्यात ठेवायची, म्हणजे कोणत्याही देशातल्या अभ्यासकाला ती वापरता येईल, असं तिचं आणि त्यांचं ठरलं होतं. आजारी पडण्यापूर्वी तिने होकार दिला होता. नावं काढायची, गाव काढायचं, मुलांना नुसते क्रमांक द्यायचे. दसऱ्याच्या आत फाईल यायला हवी होती. त्यानंतर संस्थेचं ते काम बंद होणार होतं आणि पुन्हा कोणी विचारेल याची खात्री नव्हती. मी ती फाईल वाचू शकत होतो, तिचा अर्थ लावणं माझ्या शिक्षणाबाहेरचं होतं. माझ्याकडे राहिली तर ती माझ्याबरोबरच संपली असती.

फाईल उघडली आणि ज्या दोन ओळींची मला धास्ती होती त्या तिथेच होत्या. एकाच घराच्या ओळी. एक मुलगी, एक मुलगा. घर क्रमांक एक, वाढवणारी आई एक. आणि मुलगी मुलापेक्षा चार महिन्यांनी मोठी.

कोणत्याही बाईला चार महिन्यांच्या अंतराने दोन मुलं होत नाहीत. फाईल जशीच्या तशी गेली, तर ती मुलगी एक दिवस आपली ओळ पाहणार होती आणि जिला ती जन्मापासून आई म्हणत आली तिने आपल्याला जन्म दिलेला नाही, हे तिला एका परक्या तक्त्यावरून कळणार होतं. ती पाहीलच, याबद्दल मला शंका नव्हती. ती आता लातूरमध्ये एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होती. मेंदूचा धडा शिकवताना ती स्वतःच्या मेंदूचा फोटो मुलांना दाखवायची, असं तिनेच एकदा अभिमानाने सांगितलं होतं. मोठ्या झालेल्या प्रत्येक मुलाला आपापली माहिती मागता येईल, असा शब्द माझ्या बायकोने दिला होता. मागणारी ती पहिली. बायको गेल्यावर समाचाराला नांदेडला आली तेव्हा खूप रडली, आणि निघताना संकोचून म्हणाली, "सर, घाई नाही. पण माझी ओळ मला द्यायची मॅडमनी कबूल केलं होतं."

मला ते अंतर कसं माहीत होतं, हे सांगायला हवं.

आमच्याकडे त्या पिढीतल्या खेड्यातल्या मुलांच्या जन्मतारखा खऱ्या नसत. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, कधीचा आहे? आई सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते बघायचे आणि एक जून लिहायचे. माझीही तारीख तीच आहे. आमच्या कॉलेजात मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी निम्मे लोक एकदम निवृत्त व्हायचे आणि हार कमी पडायचे. तरुण संशोधकाला मी नमुना म्हणून सुरुवातीला शाळेच्या तारखांचा तक्ता पाठवला होता. त्याचा फोन आला. आवाजात हसू दाबलेलं होतं. "सर, तुमच्या भागात सगळी मुलं एकाच दिवशी जन्माला येतात का?"

माझ्या बायकोला हे पहिल्या वर्षीच कळलं होतं. मेंदूच्या वाढीत महिन्यांना किंमत असते, आणि एक जूनने सगळे महिने खाऊन टाकलेले. मग तिने आपली पद्धत काढली. प्रत्येक आईला ती भूकंपापासून मागे नेत असे. गणपती बसले तेव्हा लेकरू पालथं पडायचं का? पोळ्याला मान धरली होती का? पंचमीला झोके घेतले तेव्हा पोटात किती महिन्यांचं होतं? बाया न अडखळता सांगायच्या. सगळं गेलं होतं, पण लेकराचा पहिला दात कधी आला ते कुणी विसरलं नव्हतं. मी लिहून घ्यायचो.

पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई दोन्ही मांड्यांवर दोन मुलं घेऊन बसली होती. मुलीबद्दल विचारलं तर म्हणाली, गणपतीत बसाय लागली होती. मुलाबद्दल विचारलं तर म्हणाली, मान बी धरली नव्हती. माझा पेन थांबला. माझ्या बायकोने वर पाहिलं नाही. तिने पुढचा प्रश्न विचारलाच नाही, ती फक्त मुलीच्या पायाला हात लावून बसून राहिली. मग बाईनेच सांगितलं. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, लोह्याजवळच्या खेड्यात, म्हणून वाचली. नवरा रानात झोपला होता म्हणून वाचला. घरात धाकटा दीर आणि जाऊ होते. जावेची मुलगी दुसऱ्या दिवशी बाजेखालून निघाली, तोंडात माती. ही ओली बाळंतीण परत आली, तेव्हा कुणीतरी ते लेकरू तिच्या ओटीत ठेवलं. तिच्या अंगावर दूध होतं. बाकी विचार करायला वेळच नव्हता.

"तिला कळू देऊ नका," ती म्हणाली. "कुठं लिवायचं ते लिवा. घरची गोष्ट घरात ऱ्हाऊ द्या."

माझ्या बायकोने हो म्हटलं. तो होकार कसा दिला हेही मला आठवतं. बाईच्या पदराला मुलीचा ताईत बांधलेला होता, डोकं मोजायला अडचण नको म्हणून काढलेला. हिने तो सोडला, आपल्या हाताने मुलीच्या गळ्यात परत बांधला आणि म्हणाली, राहील.

गावानेही ती गोष्ट कधी उच्चारली नाही. नव्या वसाहतीत कोण कुणाचं लेकरू घेऊन राहतंय हे कुणी कुणाला विचारत नसे. मुलगी अशक्त होती, बोलायला उशीर लागला, घराच्या छताखाली झोपायला किती तरी वर्षं रडायची. म्हणून मुलाला आधी शाळेत घातलं, तिला पुढच्या वर्षी. दोघांचा एक जून, मध्ये एक वर्ष. कागदावर तो मोठा झाला आणि ती त्याला दादा म्हणू लागली.

मोठी झाल्यावर सांगायचं, असं आई आणि माझी बायको दोघींचं ठरलं होतं. पण ती दोघं मोठी होत होती तेव्हा लातूरकडे सगळ्या मराठवाड्याची मुलं लोटत होती. गल्ल्यागल्ल्यांत क्लास, भिंती भरून पहिल्या आलेल्यांचे फोटो. हे कुटुंबही गाव सोडून तिथे आलं आणि आईने शिकायला आलेल्या मुलांची खानावळ सुरू केली. मग सांगणं पुढे जात राहिलं. दहावी होऊ द्या. बारावी होऊ द्या. प्रवेश परीक्षा तोंडावर आहे, आता नको. निकाल लागू द्या. एक वर्ष परत बसायचं ठरवलंय, मनावर ताण नको. त्या काळात लातूरमध्ये घरातलं मरणसुद्धा मुलांपासून परीक्षा होईपर्यंत लपवून ठेवायचे. हीही तशीच एक गोष्ट होती आणि परीक्षा कधी संपल्या नाहीत. आमच्या तपासण्यासुद्धा रविवारच्या सराव परीक्षेच्या वेळा बघून ठेवाव्या लागत. माझी बायको मुलांना शब्द लक्षात ठेवायला सांगायची, तर एकाने विचारलं होतं, "मॅडम, चुकलं तर मार्क कापणार का?" ती दिवसभर ते आठवून हसत होती.

मी तरुण संशोधकाशी पुन्हा बोललो. नाव न सांगता, गोष्ट न सांगता, वाट शोधत. वय नुसत्या वर्षांत दिलं तर? तो म्हणाला, मग शाळेच्या तारखांइतकंच झालं सर, लहान मुलांत महिने मोजावे लागतात. घर क्रमांक काढला तर? तो म्हणाला, सर, मॅडमच्या कामात तोच तर जीव आहे. एकाच घरात, एकाच ताटात वाढलेली दोन मुलं, एक ढिगाऱ्याखालून निघालेलं आणि एक त्या रात्री गावात नसलेलं, अशी जोडी जगात कुणाकडे नाही. मी विचारलं, दोन मुलं गाळली तर? गाळता येतील, तो म्हणाला, पण कारण द्यावं लागेल. आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सर, तीच जोडी नाही ना?"

पुन्हा करतो म्हणून मी फोन ठेवला. गाळली तरी मुलगी आपली ओळ मागणारच होती. दर वर्षी आले, मशीनमध्ये झोपले, मग मी कुठे आहे, असं विचारणार होती.

आणखी एक वाट होती आणि ती सगळ्यात सोपी होती. तिला द्यायच्या ओळीत वय बदलायचं. एक आकडा. संस्थेला खरं पाठवायचं, तिला शाळेच्या तारखेचं द्यायचं. एका दुपारी मी त्या चौकटीवर बोट ठेवून बसलो होतो. वयाचा तो आकडा माझ्या बायकोने त्या पत्र्याच्या शेडमध्ये, मुलीच्या पायाला हात लावून मिळवला होता. तिच्या मागे मी तिच्या कपाटातला एक पेनही हलवला नव्हता. मी संगणक बंद केला. सामाईक साठ्यात खरा आकडा असता तर आज ना उद्या तिला दोन्ही शेजारी शेजारी दिसलेच असते, हे नंतर सुचलं. बंद करताना तेवढाही विचार नव्हता.

गणपती गेले, पितृपक्ष लागला. त्या कुटुंबाच्या दृष्टीने हे बरे दिवस नव्हते. भूकंप त्याच तिथीच्या सुमाराला झाला होता. पण दसरा जवळ येत होता. मी आईला फोन करून येतो म्हटलं. कशाला, हे तिने विचारलं नाही.

लोह्यावरून, अहमदपूरवरून एस.टी. लातूरला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. खानावळ क्लासच्या गल्लीतच, पत्र्याच्या छताची. बाहेर मुलांच्या सायकली, आत लांब बाकडी. सकाळची पंगत उठून गेली होती. आई भाकरी थापत होती. केस पांढरे झालेले. मला पाहून तिने हात धुतले, पाणी दिलं आणि माझ्या बायकोची आठवण काढून पदर डोळ्याला लावला. मग सरळ विषयावर आली.

"ते कागदाचं हाय ना सर?"

मी सगळं सांगितलं. फाईल काय आहे, कुठे जाणार, मुलगी काय मागते आहे, कोणत्या वाटा बंद झाल्या. नावं जाणार नाहीत हेही सांगितलं. तिने तवा उतरवला, गॅस बारीक केला.

"नाव न्हाई म्हन्ता," ती म्हणाली, "पर ज्याचं त्याला कळतंयच की. दुसऱ्याला कळून काय करायचंय? मला तिचीच फिकीर हाय."

मी म्हटलं, ताई, तुम्ही नको म्हणालात तर मी फाईल पाठवणार नाही. कुणाचीच पाठवणार नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता असं मला वाटलं. "मंग बाईंनी येवढी पायपीट कामून केली? लेकरं उन्हात उभी ऱ्हायची, बाईंच्या अंगात ताप असायचा, तरी यायच्या. ते सगळं माझ्या एकटीपायी बुडवू?" मग जरा वेळाने हळू म्हणाली, "बाईंनी शब्द पाळला. आता माझी बारी हाय. किती परीक्षा झाल्या तिच्या. आता तीच परीक्षा घेती."

मी विचारलं, कधी सांगणार? ती म्हणाली, जेवायला येईल आता. मी उठू लागलो, तसं तिने हाताने बसवलं. "तुमी बसा. बाई असत्या तर बसल्या असत्या."

मुलगी आली ती बोलतच. खांद्याला पिशवी, बोटांना खडूची पूड. मला पाहून चकित झाली, खाली वाकून नमस्कार केला, आणि ताट ओढता ओढता म्हणाली, "सर, माझी ओळ आणली की काय?" मी आईकडे पाहिलं. दोन मुलं अजून कोपऱ्यात जेवत होती. आईने त्यांना भाकरी वाढली, ताक वाढलं, ती दोन मुलं हात धुऊन सायकली घेऊन जाईपर्यंत वाट पाहिली. मुलगी क्लासमधल्या गमती सांगत होती. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मग आईने दार लोटून घेतलं आणि मुलीच्या समोर खाली बसली.

"सरांनी आणली न्हाई. मी आडवलं," ती म्हणाली. "त्या कागदात हाय ते मी आधी सांगनार हाय. दरसाल पितरांना काकूचं पान तुज्याच हातानं ठेवते, दादाच्या न्हाई. तू विचारती कामून. तू काकूची हायेस म्हनून. माज्या पोटची न्हाईस. दूध माजं पेलीस."

मुलीच्या हातात घास होता. तो तिने परत ताटात ठेवला, नीट, सांडू न देता. बाहेरून कुठल्या तरी क्लासमधून माइकवर शिकवत असल्याचा आवाज येत होता. ती आईकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. मग तिने विचारलं, "बाजेखाली होते ती मी?"

आईने मान हलवली. बाजेखालून निघालेल्या लेकराची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. तिलाही. फक्त ते लेकरू नंतर वारलं, असं तिला सांगितलं होतं.

"मॅडमना माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"दादाला?"

"न्हाई," आई म्हणाली.

मुलीने बोटांवर काहीतरी मोजलं, जसं ती वर्गात मुलांना मोजून दाखवत असेल. तिच्या कपाळाला आठी पडली.

"म्हणजे मी त्याच्याहून मोठी आहे?"

"चार महिन्यांनी," मी म्हणालो.

"आणि मी त्याला जन्मभर दादा म्हणून राहिले," ती म्हणाली. "त्याची मोठी सायकल, त्याचा खिडकीजवळचा पलंग. मोठा म्हणून." तिचा आवाज तिथे फुटला. आई पुढे सरकली, पण तिने हात वर करून थांबवलं. उठली, हात धुतले, पिशवी घेतली. म्हणाली, माझी बॅच आहे. आणि गेली.

ती दुपार मी विसरणार नाही. आईने परातीत संध्याकाळचं पीठ मळायला घेतलं आणि मळतच राहिली. येईल ना, असं तिने एकदाच विचारलं. मी येईल म्हटलं, पण मला काय माहीत होतं? मला माझ्या बायकोची उणीव त्या बाकड्यावर जितकी जाणवली तितकी ती गेली त्या दिवशीही जाणवली नव्हती. तिने काहीतरी केलं असतं. मुलीच्या मागे गेली असती, किंवा आईच्या हातातली परात काढून घेतली असती. मी फक्त बसलो होतो. माझ्या मनात सारखं एकच येत होतं. त्या मुलीने अठरा पूर्ण झाल्यावर संमतीवर सही केली होती. माझी माहिती अभ्यासाला द्यायला माझी हरकत नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. आपल्या माहितीत काय आहे हे जिला ठाऊक नाही, तिच्या त्या सहीला काय अर्थ होता? माझ्या बायकोला हे सुचलं नसेल असं नाही. तिने त्या दोघांच्या सह्या बाकीच्यांच्या नंतर, अगदी शेवटी घेतल्या होत्या.

उन्हं कलली. पहिली पंगत बसली, उठली. आईने मुलांना वाढताना कुणाचं मीठ, कुणाची भाजी विसरली नाही, पण दर वेळी दार वाजलं की हात थांबायचा.

मुलगी दिवेलागणीला आली. डोळे सुजलेले. सरळ आत गेली, आईच्या हातातली भाकऱ्यांची टोपली घेतली आणि दुसऱ्या पंगतीला वाढू लागली. पंगत उठल्यावर ती आईशेजारी बसली आणि दुपारचं तेच ताट पुढे ओढलं. आई म्हणाली, गार झालंय, दुसरं घे. ती म्हणाली, राहू दे. पहिला घास तिने कुस्करून बाजूला ठेवला, पितरांना ठेवतात तसा, आणि मग जेवली. आई तेव्हा रडली.

जेवण झाल्यावर ती माझ्याशी बोलली.

"दादाला फोन केला. मीच सांगितलं. त्याचा विश्वासच बसेना. मग म्हणाला, सायकल परत देतो, ताई." ती किंचित हसली. "सर, माझी ओळ मला द्या. पूर्ण द्या, काही न काढता. बाहेर देऊ नका. त्याचीही देऊ नका. आम्ही दोघांनी ठरवलं."

मी म्हटलं, ठीक आहे. मग न राहवून सांगितलं की तिच्या मॅडमना जे शोधायचं होतं ते त्या जोडीतच सगळ्यात स्पष्ट दिसलं असतं. मला सांगायलाच हवं होतं, नाहीतर पुन्हा तिच्यापासून काहीतरी लपवल्यासारखं झालं असतं.

"मला कळतंय," ती म्हणाली. "मी तोच विषय शिकवते. मला स्वतःलाच बघायचंय ते राहिलंय का आत. पण लोक तो आकडा बघून आईच्या जागी दुसरं कुणी मांडतील. आई आहे तोपर्यंत नको."

"मंग लई साल थांबावं लागंल," आई भांडी गोळा करता करता म्हणाली. "आदीच सांगून ठेवते."

मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि दोघी हसल्या.

नांदेडला परत येऊन मी फाईल तयार केली. दोन ओळी काढून वेगळ्या ठेवल्या. मुलीला तिची पाठवली, सोबत मेंदूचे फोटो, आणि तान्हेपणीच्या मोजमापांची माझ्या बायकोच्या हातची पानं. तिचं उत्तर आलं ते एका वाक्याचं होतं: मॅडमचं अक्षर किती लहान होतं.

बाकीची फाईल दसऱ्याच्या आधी गेली. पाठवताना प्रत्येक गाळलेल्या मुलापुढे कारण लिहायचं होतं. तयार दिलेली कारणं होती: संपर्क तुटला, संमती मागे घेतली, तपासणी अपूर्ण. त्यातलं दुसरं निवडलं असतं तर चाललं असतं, ते खरंही होतं. मी "इतर" निवडलं आणि रिकाम्या जागेत मराठीत लिहिलं, दोघांची आई हयात आहे.

तरुण संशोधकाचा फोन आला. त्याला मराठी येत होती, तरी त्याने ते मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्याला जोडी गेल्याचं वाईट वाटत होतं, मलाही वाटत होतं. मग त्याने विचारलं, हे असंच ठेवायचं का?

मी म्हटलं, असंच ठेवा. आणि संगणकावर कापड टाकलं.